एप्रिल-मेमध्ये झेंडू माना टाकतो तेव्हा: पाण्याची नळी उचलण्याआधी काय पाहायचं

एप्रिल लागला की मला फोन सुरू होतात आणि तक्रार एकच असते. "काकू, रोज पानी देऊन रायलो, तरी झेंडू सुकूनच रायला." मी आधी एवढंच विचारते, सकाळी सहाला कसा दिसतो? उत्तर सहसा येत नाही. झाड पाहिलेलं असतं दुपारी दोनला, आणि पाणीही तेव्हाच सोडलेलं असतं.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात विहिरीला लागून आमचं वीस गुंठ्यांचं वावर आहे. लग्नसराईसाठी मी तिथे उन्हाळी झेंडू, गलांडा आणि झिनिया घेते. घरासमोर कोंबडा आणि चिनी गुलाब असतो. पहिल्या तीन उन्हाळ्यांत माझी निम्मी झाडं गेली. मी उन्हाला दोष देत राहिले, आणि चौथ्या वर्षी एक झाड उपटून मुळं पाहिली तेव्हा कळलं की ती मीच दिलेल्या पाण्यात कुजली होती. तेव्हापासून मी ज्या क्रमाने तपासते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. आधी फुकटातलं, मग थोड्या पैशाचं, आणि शेवटी जाणत्या माणसाला बोलवावं लागतं ते.

लक्षणं

खाली दिलेल्यांपैकी तुमच्याकडे नेमकं काय होतं आहे ते ठरवा. एकाच वाफ्यात दोन-तीन लक्षणं एकत्रही असतात.

दुपारी बारा ते चार पानं लोंबतात, संध्याकाळी परत उभी राहतात.

सकाळीही पानं लोंबलेलीच असतात, आणि माती ओली असते.

कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच तपकिरी होऊन वाळतात, किंवा फूल उमलतं पण रुपयाएवढंच.

पानांवर बारीक पांढुरके ठिपके, पान धुळकट आणि पितळी रंगाचं, शेंड्याला कोळ्यासारखं जाळं.

पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरा थर येतो.

शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात.

झाड कमरेएवढं वाढतं, गर्द हिरवं दिसतं, पण कळी धरत नाही.

पहिली तपासणी: सकाळी सहाला वावरात जा

याला पैसा लागत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी असते. अशा वेळी पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त होतो. माती ओलीचिंब असली तरी मूळ तेवढ्या वेगाने पाणी वर पोचवू शकत नाही. मग पान लोंबतं. लोंबलेल्या पानावर ऊन कमी पडतं, त्यामुळे झाडाचं पाणीही कमी उडतं. हे झाडाने स्वतःला वाचवणं आहे.

सूर्य उगवायच्या आत पान ताठ असेल तर झाडाला पाणी पुरतं आहे. दुपारी कितीही लोंबलं तरी त्या दिवशी पाणी देऊ नका. सकाळीही लोंबलेलं असेल तर काहीतरी खरंच बिघडलं आहे, पुढे वाचा. मी तर सांगेन की तीन सकाळी ओळीने पाहा आणि त्याच त्या पाच-सहा झाडांना काडी रोवून खूण करा. एका सकाळीवरून काही ठरवू नये.

दुसरी: खुरप्याने ओल पाहा

झाडापासून वीतभर अंतरावर खुरपं घालून अर्धी वीत खोल माती काढा आणि मुठीत दाबा. लाडू वळला आणि हाताला चिकटला तर पाणी भरपूर आहे. वळून बोटाने दाबल्यावर फुटला तर ओल बरोबर आहे. वळतच नसेल तर पाणी द्या.

काळ्या जमिनीत ही तपासणी जास्त महत्त्वाची, कारण काळी माती डोळ्यांना फसवते. वरचा दोन बोटांचा थर पापडासारखा वाळतो, भेगा पडतात, आणि खाली चिखल असतो. ती माती भिजली की फुगते आणि तिच्यातली हवा निघून जाते. मुळांना श्वास लागतो. रोज थोडं थोडं पाणी देत राहिलं तर मुळं गुदमरतात, तपकिरी होतात आणि मग पाण्यात उभं राहूनही झाड तहानेने सुकतं. शेतकरी ते पाहतो आणि आणखी पाणी देतो. मी तीन वर्षं हेच केलं.

भारी काळ्या जमिनीत मी तीन-चार दिवसांआड, पण खोलवर भिजेल असं पाणी देते. बरड, म्हणजे मुरमाड हलक्या जमिनीत हे चालणार नाही. तिथे पाणी थांबतच नाही, म्हणून एक दिवसाआड आणि मे महिन्यात कधी रोजही द्यावं लागतं. शेजाऱ्याचं पाहून पाळी ठरवू नका, त्याची जमीन वेगळी असते. एकाच वावरात वरच्या अंगाला बरड आणि खालच्या अंगाला काळी असंही आपल्याकडे असतं, तेव्हा दोन्हीकडे खुरपं घाला.

भेगा मोठ्या पडल्या असतील तर पाणी सोडण्याआधी डवऱ्याने किंवा खुरप्याने हलकं चाळून भेगा बुजवा. नाहीतर पाणी भेगेतून सरळ खाली जातं, आणि भेग रुंदावताना बारीक मुळंही तुटतात.

तिसरी: पाणी किती वाजता आणि किती गरम

दुपारी नळी उघडा आणि पहिलं पाणी हातावर घ्या. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी हात मागे घ्यावा इतकं तापलेलं असतं. तेच पाणी तुम्ही झाडाच्या बुडाशी घालत असता. सूर्य उगवण्याआधी द्या. लाईन रात्रीची असेल तर रात्री द्या, ती वेळही दुपारपेक्षा चांगली. ठिबकच्या नळ्यांवर कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकून त्या झाकल्या तरी बराच फरक पडतो.

तेलाच्या डब्यात किंवा काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत झाडं असतील तर डब्याला बाहेरून हात लावून पाहा. पत्रा तापला की आतली मुळं शिजतात. डबा अंगणातल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

चौथी: जमीन झाकलेली आहे का

सोयाबीन किंवा तुरीचं कुटार आपल्या घरचंच असतं. तीन-चार बोटं जाड थर पसरा. उघड्या मातीवर पडणारं ऊन थांबतं, ओल टिकते, भेगा कमी पडतात. फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाशी सतत ओल राहिली की बुडकुज लागते. कुटाराखाली उधई येते का, तेही आठवड्यातून एकदा उचलून पाहा. खोडावर मातीची नळी दिसली तर त्या झाडापुरतं कुटार बाजूला करा.

पाचवी: पश्चिमेची सावली

झेंडूला ऊन हवंच, पण दुपारी तीनचं पश्चिमेचं ऊन आणि त्याबरोबर येणाऱ्या झळा त्याला नको असतात. झेंडूची वाढ ३५ अंशांच्या वर मंदावते, फुलांचा आकार आणि संख्या दोन्ही घटतात. त्यामुळे मे महिन्यात फूल लहान पडणं हा रोग समजू नका. त्यासाठी टॉनिकच्या बाटल्या विकत घेणाऱ्यांना मी दरवर्षी अडवते.

मी वाफ्याच्या पश्चिमेला तुराट्यांचा चार फूट उंचीचा ताटवा उभा करते. खर्च सुतळीचा आणि एका दिवसाच्या मेहनतीचा. घरात जुनी लुगडी असतील तर तीही चालतात. शेडनेट विकत घेणार असाल तर ३५ टक्क्यांची घ्या. दाट नेटखाली झेंडू लांबोडा होतो आणि कळ्या कमी धरतो. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा ताटवा मात्र करू नका. पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्यांमध्ये, म्हणजे न फुटलेल्या वाळक्या बोंडांमध्ये, गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कपाशीवर उतरते. फुलांसाठी कपाशीला घोर लावायचा नाही.

सहावी: पांढरा कागद

वहीचा कागद पानाखाली धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले लालसर ठिपके चालायला लागले तर ती लाल कोळी आहे. तिला कोरडी, तापलेली हवा मानवते. मे महिन्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तिला आठवडाभर पुरतो, म्हणून सोमवारी दोन पानांवर दिसलेली कोळी पुढच्या सोमवारी अख्ख्या ओळीत असते. ती पानातला रस शोषते. पान पितळी होतं, कळी वाळते, आणि लोक म्हणतात उन्हाने करपलं.

सगळ्यात स्वस्त उपाय पाण्याचा. सकाळी लवकर पानांच्या खालच्या बाजूने जोराचा फवारा मारा, दर तीन-चार दिवसांनी, असं दोन आठवडे. त्याने भागलं नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी ऊन उतरल्यावर. कुणी गंधकाची फवारणी सांगेल. कोळीवर गंधक चालतं हे खरं, पण या उष्णतेत त्याने पानंच करपतात. आपल्याकडे एप्रिलनंतर गंधक नको. जाळं धरलेल्या फांद्या कापून वावराबाहेर जाळा. रस्त्याकडेच्या धुळीने माखलेल्या ओळींवर कोळी आधी येते, त्या आधी तपासा.

सातवी: ठिबकची तोटी

ओळीतली चार झाडं हिरवी आणि पाचवं सुकलेलं, असं ठराविक अंतराने दिसत असेल तर झाडाला हात लावण्याआधी तोटी पाहा. ताशी ४ लिटरची तोटी १५ मिनिटांत १ लिटर पाणी देते. तोटीखाली खड्डा करून भांडं ठेवा, मोबाईलवर वेळ लावा आणि मोजा. अर्धा लिटरच भरलं तर ती तुंबली आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं तसं जड होतं, आणि तोटीच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो. आधी नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईस्तोवर वाहू द्या, फिल्टरची जाळी धुवा. तरीही अर्ध्याहून जास्त तोट्या तुंबलेल्या असतील तर आम्लाची प्रक्रिया लागते. ती स्वतः करू नका. ज्याने ठिबक बसवलं त्यालाच बोलवा, आम्ल डोळ्यात उडालं तर दृष्टी जाते.

आठवी: एक झाड उपटा

इथे जीवावर येतं, पण सुकणाऱ्या पन्नास झाडांपैकी एक उपटल्याशिवाय खरं कळत नाही. पूर्ण मेलेलं नको, अर्धवट सुकलेलं घ्या. मेलेल्या मुळावर नंतर आलेली बुरशीही असते, ती दिशाभूल करते.

मुळं पांढरी आणि ताठ असतील तर मुळांचं ठीक आहे, वरच्या तपासण्या परत करा.

मुळं तपकिरी, मऊ, बोटाने साल सुटून येते आणि कुबट वास येतो, म्हणजे पाणी जास्त झालं. पाणी थांबवा, वाफ्याला चर काढा, आणि पुढच्या वेळी गादीवाफ्यावर लावा.

बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीच्या दाण्यांसारख्या तपकिरी गोळ्या दिसल्या तर ती बुडकुजीची बुरशी आहे. त्या गोळ्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. झाड भोवतालच्या मातीसकट उचला, उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर शेणखतातून ती सगळ्या वावरात जाईल. ती जागा मोकळी करून भिजवा आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आपलं एप्रिल-मेचं ऊन ती माती आतून तापवतं. या उन्हाचा एवढा मोठा उपयोग दुसरा नाही.

मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी आहेत. झेंडूत हे क्वचितच दिसतं, उलट झेंडूची मुळं काही सूत्रकृमींना मारतात. कोंबडा आणि तेरडा मात्र त्यांना लगेच बळी पडतात. ज्या जागी कोंबड्याच्या मुळांना गाठी दिसल्या, तिथे मी पुढचा हंगामभर दाट झेंडू लावते.

नववी: पिवळी पानं आणि पांढरा थर

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. ओल जास्त झाली की हे आणखी वाढतं, म्हणून आधी दुसरी तपासणी. मग लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि लिंबाचा थोडा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. युरिया टाकून हा पिवळेपणा जात नाही. युरियाने झाड नुसतंच लुसलुशीत वाढतं, कोळी आणि मावा बोलावतं.

पांढऱ्या थराचं मला माहेरपासून ठाऊक आहे. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. तिथे जमिनीखालचं पाणीच खारं, आणि आई ते पाणी फुलझाडांना कधी घालू देत नसे. पावसाचं पाणी रांजणात साठवून त्यावर चार झाडं जगवायची. कडा करपणं आणि मातीवर मिठासारखा थर, हे दोन्ही एकत्र असेल तर पाणी वाढवू नका. खारं पाणी जितकं जास्त, तितकं मीठ जास्त. पाणी तपासून घ्या. विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर निघाली तर झेंडूचा नाद सोडा आणि गलांडा किंवा चिनी गुलाब लावा. ही दोन्ही फुलं क्षार बऱ्यापैकी सोसतात. दर्यापूरच्या आमच्या अंगणात मे महिन्यात याच दोन झाडांची फुलं असायची.

दहावी: रोप आणि महिना

ही तपासणी सगळ्यात शेवटी, कारण इथे चूक निघाली तर या हंगामात दुरुस्त होत नाही. मोठ्या फुलाचा झेंडू लहान दिवसांत लवकर कळी धरतो. उन्हाळ्यात दिवस मोठा, त्यामुळे काही वाण नुसते वाढत राहतात. एका वर्षी एका रोपवाटिकेतून मी दसऱ्याच्या हंगामाचं रोप उन्हाळी म्हणून आणलं. झाडं कमरेला लागली आणि सगळी लग्नं उरकल्यावर फुलली. आता रोप घेताना मी एकच विचारते, याला फेब्रुवारीत लावून एप्रिलमध्ये फूल कुणी घेतलं आहे, आणि त्याचं वावर पाहायला मिळेल का? ठोस उत्तर नसेल तर मी दुसरीकडे जाते.

लागवड जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरका. मूळ खोल गेल्यावर ऊन यायला हवं. मार्चच्या शेवटी लावलेलं कोवळं रोप मे महिन्याला पुरं पडत नाही.

एखाद्याच झाडाची फुलं हिरवी, पानांसारखी येत असतील तर त्याची कारणं शोधत बसू नका. तुडतुड्यांमार्फत पसरणारा तो रोग आहे, त्यावर औषध नाही. झाड त्याच दिवशी उपटून जाळा.

कुठे थांबायचं

रोहिणी नक्षत्र लागतं त्या २५ मेपासूनच्या नवतपात, म्हणजे सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, नवीन काही करू नका. खत नको, छाटणी नको, फवारणी नको. सकाळी ओल पाहा, उमललेली फुलं तोडून घ्या आणि झाडावरचा भार कमी ठेवा. मृगाच्या सरी आल्या की जगलेलं झाड नवे फुटवे देतं.

सकाळीही सुकलेली झाडं आठवड्यागणिक वाढत असतील, किंवा वाफ्यात गोल डाग पडून तो पसरत असेल, तर घरगुती उपाय थांबवा. एक अर्धवट सुकलेलं झाड मुळांच्या मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. वर्धा जिल्ह्यात ते सेलसुऱ्याला आहे. इतर जिल्ह्यांतही केंद्रं आहेत, आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. दुकानदाराला पान दाखवून औषध आणू नका. पान तेच दिसतं आणि कारणं चार असतात. माती-पाण्याची तपासणीही तिथेच करा, तिचा खर्च एका चुकीच्या बाटलीपेक्षा कमी असतो.

मोटर उचलत नसेल, स्टार्टर खटखट करत असेल, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ओल्या पायांनी तिथे उभंही राहू नका. वायरमनला बोलवा.

आणि विषारी फवारणीचं. २०१७ साली आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. फुलांच्या वीस गुंठ्यांसाठी तो धोका घेऊ नका. उन्हाळ्यात घामाने अंग ओलं असतं आणि औषध कातडीतून आत जातं. कृषी केंद्राने सांगितलेलंच औषध, सांगितलेल्याच मापात, संध्याकाळी, पूर्ण अंग झाकून आणि वाऱ्याकडे पाठ करून मारा. दोन औषधं मिसळू नका. फवारताना डोकं जड झालं, मळमळ आली, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं तर घरी जाऊन पडू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. त्यावरचं नाव वाचूनच डॉक्टर उपचार ठरवतात.